तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं बोलून काय होतं?

“मॅडम, शनिवारी त्या पोरांना घेऊन गोल करून बसता म्हणे, नुसतं बोलून काय होतं ओ?” हे मला स्टाफरूममध्ये विचारतात, गणपत गल्लीत खरेदी करताना विचारतात, गेल्या महिन्यात तर एका लग्नात पंगतीत विचारलं, आणि विचारणारे बहुतेक वेळा आईबापच असतात, ज्यांचं पोरगं कुठंतरी हॉस्टेलवर आहे आणि फोनवर ‘हां, बरं आहे’ एवढंच बोलतंय. त्यामुळं मी उत्तर टाळत नाही. पण हे उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे मी डॉक्टर नाही. बेळगावात डिग्री कॉलेजला अर्थशास्त्र शिकवते, आणि पोरांचं ऐकून कसं घ्यायचं याचं थोडं ट्रेनिंग घेतलंय, बस्स. ज्या पोरांबद्दल पुढं लिहिलंय त्यांना विचारून लिहिलंय, आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

सुरुवात मनाच्या आरोग्यावरच्या एका वर्कशॉपनं झाली. २०२२ साल, लॉकडाऊननंतर पोरं नुकती वर्गात परत आलेली, दोन वर्षं मोबाईलवर शिकून आलेली, हॉलमध्ये तीनशे पोरं बसवली, बाहेरून एक तज्ज्ञ आले, चांगले होते, मनापासून बोलले, पण सगळं इंग्रजीत आणि स्लाइडवर. डिप्रेशन, अँग्झायटी, सिम्प्टम्स, कोपिंग. दीड तासानं टाळ्या, आभार, चहा. मी कप ठेवायला गेले तर पाण्याच्या फिल्टरपाशी एक पोरगी उभी होती, बाटली कधीच भरून झालेली पण नळ चालूच, पाणी खाली सांडतंय. मी नळ बंद केला तशी ती हळूच म्हणाली, “मॅडम, ते सर म्हणाले तसलं मला व्हतंय वाटतं. पण आमच्यात त्याला काय म्हणतात?”

मला उत्तर देता आलं नाही. ‘नैराश्य’ म्हणावं तर तो शब्द पेपरातला, घरात कुणी म्हणत नाही, ‘आई, मला नैराश्य आलंय’ असं कोणती पोरगी बोलते? तिला मी म्हटलं, तुला काय होतं ते तू तुझ्या शब्दात सांग. ती म्हणाली, “सकाळी नको वाटूलंय. सगळंच नको वाटूलंय.”

म्हणजे शब्द होता की तिच्याकडं. फक्त तो कुणी विचारला नव्हता.

त्यानंतर वर्कशॉप आम्ही बदलून टाकलं. चाळीसच पोरं, हॉल नको, साधा वर्ग, आणि पहिला अर्धा तास कुणी काही शिकवायचं नाही, भिंतीला मोठा कागद लावायचा आणि पोरांनी लिहायचं, आपल्या घरात, गावात, गल्लीत याला काय म्हणतात. जीव घाबरा होतो. छातीत धडधडतंय. डोकं जड झालंय. पोटात गोळा येतो. मन लागत नाही. अंगातला जीव गेल्यासारखं. कन्नड पोरं लिहितात ‘तली केट्टैति’, म्हणजे डोकं बिघडलंय. कागद भरला की तुमच्या लक्षात येईल, निम्म्याहून जास्त शब्द शरीराचे आहेत. त्यामुळं आपली पोरं आधी पित्ताची गोळी घेतात, मग डोळे तपासतात, मग रक्त तपासतात, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात बघ, तुला काही झालेलं नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही हे मला आईबापांना हात जोडून सांगावंसं वाटतं.

मग त्या शब्दांवरूनच पुढचं. पॅनिक अटॅक आला की आता आपण मरतो असं वाटतं, पण तो साधारण दहा मिनिटांत टिपेला जाऊन उतरायला लागतो. वाईट वाटणं दोन आठवडे रोज, दिवसभर राहिलं आणि झोप, भूक, अभ्यास सगळ्यावर परिणाम व्हायला लागला तर दाखवायला जायचं. आणि मैत्रीण ‘मला जगायचं नाही’ असं बोलली तर तिला सरळ विचारायचं, जीव द्यायचा विचार येतो का म्हणून. विचारल्यानं तिच्या डोक्यात तसलं काही भरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून ती बोलायला लागते. मोठी माणसं इथं दचकतात, पण हे जगभर तपासून झालेलं आहे.

शेवटी सगळ्यांच्या फोनमध्ये १४४१६ हा नंबर घालून घेतो. टेली मानस, केंद्र सरकारची फुकट हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालू, आणि भाषा निवडता येते, मराठी पण आहे, कन्नड पण आहे. नाव काहीही द्या म्हणते, कारण बऱ्याच पोरींचे फोन घरी तपासले जातात. एकीनं ‘मावशी’ म्हणून सेव्ह केलाय. मला ते फार आवडलं.

तर वर्कशॉपचं काम एवढंच, शब्द देणं आणि रस्ता दाखवणं. ते एका दिवसात होतं. तुम्ही विचारता ते शनिवारचं, ते वेगळं आहे.

शनिवारी अडीच वाजता आम्ही आठ-दहा जण बसतो. फोन बॅगेत. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. बोलायचं नसेल तर गप्प बसायचं, चालतं. मी पहिल्याच दिवशी हेही सांगून टाकते की कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प राहणार नाही, घरी किंवा डॉक्टरांना सांगणार, आणि तुला सांगूनच सांगणार. आणि सगळ्यात अवघड नियम, सल्ला द्यायचा नाही. लवकर उठ, योगा कर, मोबाईल कमी कर, देवाचं नाव घे, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. यातलं काही चुकीचं असेल असं नाही, पण सल्ला आला की समोरच्याचं तोंड बंद होतं, तो ‘हो हो’ म्हणतो आणि विषय संपतो. आमच्याकडं सल्ल्याच्या जागी ‘मग?’ एवढंच म्हणायचं. पोरांना हे शिकायला महिनाभर लागतो. मला वर्ष लागलं, शिक्षकाला गप्प बसायची सवयच नसते.

आता एक पोरगी. खानापूर बाजूच्या गावातली, दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयू (म्हणजे अकरावी-बारावी) आणि डिग्री इंग्रजीत. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत इथल्या बायकांना सरकारी बस फुकट झाली आणि त्यानंतर माझ्याकडं शनिवारी गावाकडच्या पोरी थांबायला लागल्या, आधी भाड्याचा हिशोब असायचा, जादा गाडीला जादा पैसे कोण देणार. (चंदगडकडनं येणाऱ्या पोरी मात्र महाराष्ट्रातल्या, त्यांना हे लागू नाही, त्या तिकीट काढूनच येतात.) तर या योजनेत कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. ही पोरगी ते तिकीट बोटावर गुंडाळून नळी करायची, सोडायची, परत गुंडाळायची. तीन शनिवार एक शब्द बोलली नाही, दाराजवळची खुर्ची, हातात ती नळी.

चौथ्या शनिवारी बोलली. तिचे वडील उद्यमबागला फाउंड्रीत आहेत. रात्री ड्यूटीवरून आले की जेवताना रोज विचारतात, “आज काय शिकवलं गं?” कौतुकानं विचारतात, घरातली पहिली पोरगी कॉलेजला. आणि हिला वर्गातलं इंग्रजी कळत नाही, तर ती रोज काहीतरी रचून सांगते. वर्ष झालं रोज रचते. बसमध्ये खिडकीपाशी बसून रात्रीसाठी काय सांगायचं ते ठरवते. “बाबा खूश व्हतात ओ मॅडम, आणि मला जेवण गिळंना झालंय.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग बैलहोंगलकडचा एक पोरगा, कन्नड घरातला, मोडक्या मराठीत म्हणाला, “मी पण तसंच करतो. माझे अप्पा फोनवर विचारतात.” बस्स. त्या दिवशी एवढंच झालं. पोरगीनं त्याच्याकडं पाहिलं आणि हातातलं तिकीट खाली ठेवलं.

तुम्ही विचारता ना नुसतं बोलून काय होतं, तर हे होतं. वर्षभर तिला वाटत होतं की आपण बापाला फसवणारी जगातली एकटीच पोरगी आहोत. हे मी तिला सांगून तिला पटलं नसतं, मी पडले मॅडम. ते त्या पोराच्याच तोंडून यायला पाहिजे होतं.

भाषेचं अजून एक सांगते, कारण आपल्याकडं ते फार खोल आहे. आमच्यात निम्मी पोरं मराठी, बाकीची कन्नड, दोघं-तिघं घरी उर्दू बोलणारी. एकदा याच बैलहोंगलच्या पोरानं म्हटलं, “भाळ बेजार आगैति.” बेजार शब्द आपल्यात पण आहे, पण मराठीत बेजार म्हणजे कुणीतरी छळून त्रासवून सोडलेला, आणि कन्नडमध्ये कंटाळा पण बेजार आणि मनाला लागलेलं दुःख पण बेजार. तर आमच्यातल्या एका मराठी पोरानं तावातावानं विचारलं, “कोण त्रास देतंय तुला? नाव सांग.” तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “यारू इल्ल.” कुणी नाही. आणि रडायला लागला. कुणीही त्रास देत नाही, घर चांगलं, मार्क चांगले, आणि तरी असं का होतंय, हेच त्याला कुणाला सांगता येत नव्हतं. १ नोव्हेंबरच्या आसपास, म्हणजे कन्नड लोकांचा राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिवस एकाच दिवशी, आपल्या गावात वातावरण कसं असतं ते इथल्यांना सांगायला नको, पण त्या आठवड्यात पण ही पोरं त्याच गोलात बसलेली मी पाहिलीत.

म्हणून मला नुसता काउन्सेलर नेमून समाधान नाही. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर हवा, आणि शिक्षकांना वर्षातून दोनदा ट्रेनिंग हवं. फार चांगलं झालं. पण बेळगाव, खानापूर, निपाणीत त्या माणसाला मराठी आणि कन्नड दोन्ही यायला पाहिजे, नाहीतर ती खोली रिकामी राहील.

काहीजण म्हणतात, डॉक्टर नसताना तुम्ही यात पडू नये. यावर मी बळ्ळारीचं सांगते. १९८० च्या दशकात बंगळूरच्या निमहान्सनं, म्हणजे मानसिक आजारांच्या राष्ट्रीय संस्थेनं, बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग केला, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना मानसिक आजार ओळखायला शिकवलं, आणि त्याच धर्तीवर १९९६ ला देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आपल्याच राज्यातली गोष्ट. ओळखणं आणि पोचवणं हे काम साधा माणूस शिकू शकतो. उपचार करणं आमचं काम नाही, आणि ही रेघ मी कधी ओलांडत नाही.

ती रेघ कुठं असते तेही सांगते. एक पोरगा आठवडाभर झोपलाच नाही, दमलाही नाही, बोलण्याचा वेग इतका की शब्द एकमेकांवर आदळतायत, फीचे पैसे दोन दिवसांत उधळले. हे गोलात बसून बरं होणारं नाही. त्याच्या घरच्यांना बोलावलं, ते म्हणाले आधी देवऋषीकडं नेतो. मी भांडले नाही. म्हटलं अण्णा, तिकडं पण जा, पण डॉक्टरकडं आज जा. धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे तिथल्या मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात, नेलं त्याला. आपल्याकडं ‘याला धारवाडला न्यायला पाहिजे’ हे चेष्टेत म्हणतात, त्या पोराच्या आईनं ते ऐकलेलं होतं, त्यामुळं गाडीत बसताना तिचा पाय उचलत नव्हता. आता तो गोळ्या घेतो, डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कृपा करून ती चेष्टा करू नका.

आणि जीव द्यायचा प्रयत्न झाला तर पोलीस केस होईल म्हणून लपवू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, २०१८ पासून लागू, तो सांगतो की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, त्याची काळजी घेणं सरकारचं काम. लपवण्यात गेलेला वेळ परत येत नाही.

सगळी पोरं बरी झाली असं मी म्हणणार नाही. दोघं मध्येच यायची बंद झाली, एकानं कॉलेजच सोडलं, त्याला मी अजून फोन करते, कधी उचलतो कधी नाही. फिल्टरपाशी भेटलेली ती पोरगी आता निपाणीला नोकरीला आहे.

आणि तिकिटाची नळी करणारी? तिचे दोन विषय अजून राहिलेत. पण तिनं घरी सांगितलं. कसं सांगितलं ते मी विचारलं नाही. परवा तिचे वडील कॉलेजच्या गेटपाशी भेटले, ड्यूटीवरनं थेट आलेले, हाताला काळं तसंच. म्हणाले, “मॅडम, शनिवारी ती उशिरा येते, इथंच असते न्हवं?” म्हटलं, इथंच असते. “मग असू दे. आता मी विचारत न्हाई काय शिकवलं म्हणून. तीच सांगते, आज हे कळलं न्हाई, ते कळलं न्हाई.” थोडं थांबून म्हणाले, “मला पण कळत न्हाई ते. पण ऐकतो.”