तळातून सुटणारी गोळी

रिव्हॉल्व्हर कसं दिसतं हे आपल्या डोक्यात दिवाळीतच पक्कं होतं. टिकल्यांचा रोल भरलेलं पत्र्याचं पिस्तूल असो की हिंदी सिनेमातल्या इन्स्पेक्टरच्या कमरेचं हत्यार, नळी वरच्या अंगाला, मध्ये गोल पोट, मागे काडतुसावर आपटणारा घोडा. सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं, तेव्हापासून जवळपास सगळ्यांनी गोळी सिलिंडरच्या, म्हणजे त्या गोल फिरत्या पोटाच्या, वरच्या घरातूनच उडवली. घोडा वरून सरळ पडतो, रचना सोपी राहते, मग कशाला कोण डोकं खाजवणार?

इटलीच्या एमिलिओ गिझोनीने खाजवलं. या माणसाला सरळ रिव्हॉल्व्हर बनवताच येत नसावं. गोळीच्या धक्क्याने आपोआप सिलिंडर फिरवून घोडा चढवणारं ‘माटेबा युनिका’ त्याचंच. त्याचं शेवटचं अपत्य म्हणजे ‘रायनो’, म्हणजे गेंडा. ते बाजारात आलेलं पाहायला तो राहिला नाही, २००८ मध्येच गेला. बनवते कियाप्पा ही ब्रेशा प्रांतातली कंपनी. १५२६ पासून नळ्या घडवणारी बेरेटाही त्याच प्रांतातली, म्हणजे परंपरेच्या मांडीवर बसूनच हा वाह्यातपणा झाला.

ह्यूस्टनजवळच्या एका नेमबाजीच्या रेंजवर हे भाड्याने मिळतं. चार इंची नळीचं रायनो काउंटरवर आलं तेव्हा माझा सोलापूरचा मित्र म्हणाला, “अरे, नळी घसरली की काय खाली?” दिसतं खरं तसंच. सिलिंडर गोल नाही, षटकोनी, म्हणजे कमरेला लावल्यावर फुगवटा कमी. नळी सिलिंडरच्या तळाच्या घरासमोर, आणि तिच्या वर धातूची उंच भिंत, कारण नेम धरायची माशी डोळ्यासमोर आणायची तर एवढं वर चढावंच लागतं.

नळी खाली आणण्यामागचं गणित मात्र शाळेतलं आहे. धक्का नळीच्या रेषेतून मागे येतो आणि आपली मूठ त्या रेषेच्या खाली असते. या दोघांत जितकं अंतर, तितकं तोंड वर उसळणार. दार बिजागरीजवळ ढकललं की फिरत नाही, कडेला ढकललं की भिंतीवर आपटतं, तसंच. गिझोनीने धक्का बिजागरीजवळ आणला.

आधी .३८ स्पेशलची, म्हणजे सौम्य काडतुसं. हे रायनो .३५७ मॅग्नम या जोरकस काडतुसाचं, पण त्यात तीही चालतात, कारण गोळीची जाडी एकच. मॅग्नमचं आवरण तेवढं थोडं लांब ठेवलंय, जुन्या नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये ते चुकून बसू नये म्हणून. .३८ ला हे यंत्र अगदी निवांत, कौतुक करावं असं काही घडलंच नाही.

मग मॅग्नम. कानात बोळे, वर मफ, तरी आवाज छातीत बसतो. शेजारी ठेवलेलं नेहमीच्या बांध्याचं रिव्हॉल्व्हर प्रत्येक बाराला आभाळ बघत होतं. रायनो तोंड फारसं वर करत नाही, तळहातात सरळ घुसतं. जाहिरात वाचून काहीजणांना वाटतं धक्का नाहीसा होतो. तो कुठे जाणार? वजनाला हलकं, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं अंग, त्यामुळे अंगठ्याच्या मुळाशी तो चांगला कळतो. पण दुसरी गोळी झाडताना लाल माशी शोधावी लागत नाही, ती जागेवरच असते. माझ्या मते कागदावर एकाखाली एक भोकं पडतात ती यामुळे.

खटकतं ते मागचं अंग. घोड्यासारखं दिसतं तो घोडा नाहीच, नुसती कळ आहे. मागे ओढली की आतला खरा घोडा चढतो आणि कळ निमूटपणे परत पुढे येऊन बसते. चढलाय हे सांगायला एक इवलीशी लाल खूण वर डोकावते. आयुष्यभर चढलेला घोडा डोळ्यांनी ओळखणाऱ्या माणसाला हे पटणं कठीण, आणि भरलेल्या हत्यारावर न पटणारी गोष्ट नको वाटते. घोडा न चढवता नुसता चाप ओढावा तर तो जड, शेवटी शेवटी अडल्यासारखा. तळापर्यंत ताकद पोचवायला आत तरफांची गर्दी आहे, तिचाच हा त्रास असावा.

रेंजवरच्या बाईंनी एक गोष्ट बजावली: डाव्या हाताचं बोट चापाच्या कड्याच्या पुढे नेऊ नका. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला फुटतो, कुठल्याही रिव्हॉल्व्हरमध्ये. इथे ती फट खाली, बोटांच्या शेजारी आलेली. पिस्तूल धरायच्या सवयीने दोन्ही हात पुढे सरकवणाऱ्यांनी खास सांभाळायचं.

मित्राने दोन राउंड मारले आणि त्याचं मत लगेच बदललं, दिसण्याबद्दल सोडून. “घेणार का?” त्याने विचारलं. हजार डॉलरच्या वर किंमत, आणि आतलं काही अडलं तर उघडायला तयार होणारा कारागीर जवळपास सापडेल याची मला खात्री नाही. भाड्याने मात्र पुन्हा घेईन, सहा इंची नळीचं. ते त्या दिवशी दुसऱ्या कुणी तरी नेलं होतं.