हलकी रॅकेट मला जड गेली

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी माझी टेनिसची रॅकेट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. दिवाळीत चकलीची भाजणी मोजते तोच काटा. तारा, ग्रिप, वरची ओव्हरग्रिप आणि तारांत अडकवलेला रबरी डॅम्पनर असं सगळं धरून आकडा आला २७८ ग्रॅम. मग लेकीची स्टीलची फूटपट्टी दोन जाड पुस्तकांच्या मध्ये उभी दाबून धरली आणि तिच्या कडेवर रॅकेट तोलून पाहिली. मुठीच्या टोकापासून ३५ सेंटिमीटरवर ती स्थिर राहिली. रॅकेटची लांबी ६८.५ सेंटिमीटर, म्हणजे मध्य ३४.२५ वर. थोडक्यात, माझ्या रॅकेटचा भार डोक्याकडे, म्हणजे तारांच्या बाजूला, झुकलेला होता.

अडीच वर्षं ती रॅकेट मी वापरत होते आणि तिच्याबद्दलच्या या दोन साध्या गोष्टी मला माहीत नव्हत्या. कोपर दुखलं नसतं तर कदाचित कधीच कळल्या नसत्या.

मी टेनिस शिकायला लागले चाळिशीत. पुण्यात, सकाळी सहाला, आठवड्यातून चार दिवस, हार्ड कोर्टावर, बहुतेक वेळा डबल्स. पहिली रॅकेट घ्यायला गेले तेव्हा दुकानात एकच प्रश्न विचारला गेला, "मॅडम, नवीनच शिकताय का?" हो म्हटल्यावर दुकानातली सगळ्यात हलकी, मोठ्या डोक्याची, जाड फ्रेमची रॅकेट हातात आली. "ताकद लावावी लागत नाही, बॉल आपोआप जातो," असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. बॉल खरंच जायचा. नव्याने शिकणाऱ्या माणसाला बॉल नेटच्या पलीकडे गेल्याचा जो आनंद होतो, तो त्या रॅकेटने मला भरभरून दिला. ते मी विसरणार नाही.

पुढे खेळ बरा झाला, तसं कोणीतरी म्हणालं, आता पॉलिएस्टर तारा टाका, मोठे खेळाडू त्याच वापरतात. १९९७ साली गुस्तावो कुएर्तेनने पॉलिएस्टर तारांनी फ्रेंच ओपन जिंकली आणि तिथून या तारांची चलती झाली हे मी वाचलं होतं. मीही टाकल्या. ५६ पाउंड ताणाला गटिंग, म्हणजे रॅकेटमध्ये तारा ताणून बसवणं, करून घेतलं आणि त्या तुटेनात म्हणून खूश होते.

दुखणं सुरू झालं जुलैमध्ये. पावसाळ्यात आमच्या कोर्टावर पाणी साचलं की ते झाडून काढून आम्ही खेळतो. बॉलची लव ओलावा शोषून घेते, बॉल जड होतो. त्यात खर्च वाचवायला आम्ही प्रेशर गेलेले बॉलही आठवडाभर चालवत होतो. एका सकाळी बॅकहँडला उशीर झाला, बॉल फ्रेमच्या कडेवर लागला आणि कोपराच्या बाहेरच्या हाडावर कोणीतरी टिचकी मारावी तशी कळ आली. तेव्हा मी खेळत राहिले. आठवडाभरात दुधाचं पातेलं एका हाताने उचलता येईना. कणीक मळताना, कुलपात किल्ली फिरवताना, ऑफिसात माउस धरतानासुद्धा तीच जागा बोलायची.

फिजिओंनी हात सरळ धरायला लावला, तळवा खाली, आणि म्हणाले, "मधलं बोट वर ताठ ठेवा, मी खाली दाबतो." त्यांनी बोट दाबलं आणि दुखलं मात्र कोपर! मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथला स्नायूबंध बिघडला होता. टेनिस एल्बो. हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला तो २००४ साली, सचिनमुळे. पुढच्या वर्षी त्याची शस्त्रक्रियाही झाली. तो क्रिकेट खेळणारा, त्याची बॅट जड, म्हणून माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की हा आजार वजन उचलल्याने होतो. माझी रॅकेट तर हलकी. मग मला का?

याचं उत्तर मला आमच्या कोर्टावरच्या एका ७४ वर्षांच्या काकांनी दिलं. ते लाकडी रॅकेटवर शिकलेले. त्या रॅकेट सहज पावणेचारशे ग्रॅमच्या असायच्या, डोकं आजच्या मानाने इवलंसं. त्यांचा हात कधीही दुखला नाही. त्यांनी माझी रॅकेट हातात घेऊन दोनदा हवेत फिरवली आणि म्हणाले, "बाई, हिच्यात काहीच नाही. सगळं काम तुमचा हात करतोय."

घरी येऊन मी ती काट्यावर ठेवली ती याच वाक्यामुळे.

टेनिसचा बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. तो वेगाने येऊन आदळतो तेव्हा जड रॅकेट आपल्या जागी टिकते, हलकी मागे ढकलली जाते. ती मागे जाऊ नये म्हणून आपण मूठ घट्ट आवळतो, आणि मूठ आवळली की कोपराशी जोडलेले तेच स्नायू ताणले जातात. बॉल मधोमध न लागता कडेला लागला तर हलकी रॅकेट हातात वळतेही जास्त. शिवाय हलकी वस्तू आपण खांद्यातून फिरवत नाही, मनगटाने झटकतो. मी नेमकं तेच करत होते.

दुसरी गोष्ट फ्रेमच्या कडकपणाची. हा कडकपणा मोजून आकड्यात देतात, त्याला आरए म्हणतात. बाजारातल्या बहुतेक रॅकेट साधारण ५५ ते ७२ च्या मध्ये बसतात. कडक फ्रेम बॉल लागताना कमी वाकते, त्यामुळे बॉलचा वेग कमी वाया जातो. "बॉल आपोआप जातो" याचं गुपित हेच. लवचीक फ्रेम जरा वाकते, थोडा वेग खाते, पण धक्का हातापर्यंत येता येता बोथट होतो. माझी रॅकेट हलकी, डोक्याकडे जड आणि कडक, तिन्ही एकदम. आणि ज्या डॅम्पनरच्या भरवशावर मी होते, तो तारांचा आवाज बदलतो, फ्रेमच्या कंपनाला काही करत नाही.

सगळ्यात मोठा धक्का मात्र गटिंगवाल्या काकांकडे बसला. रॅकेट दाखवायला गेले तर त्यांनी अंगठ्याने तारा दाबून पाहिल्या, एक तार बाजूला सरकवली, ती तिथेच राहिली, परत जागेवर आली नाही. "कधी केलं होतं?" मी म्हटलं, अकरा महिने झाले. त्यांनी काही न बोलता कात्रीने मधून तारा कापायला सुरुवात केली. पॉलिएस्टर तुटत नाही, पण मरते. पंधरा-वीस तास खेळलं की तिचा ताण आणि लवचीकपणा दोन्ही जातं आणि पुढे आपण जवळजवळ फळीने खेळत असतो. रोज खेळणारे तरुण त्या तारा तुटायच्या आधीच कापून टाकतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कापलेल्या तारांची ती वेटोळी काउंटरवर पडलेली पाहून मला खरंच वाईट वाटलं. स्वतःच्या हाताशी आपण किती निष्काळजीपणे वागलो!

सहा आठवडे मी खेळले नाही. रोज पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हातात धरायची, तळवा खाली, दुसऱ्या हाताने मनगट वर आणायचं आणि मग बाटली अगदी सावकाश खाली सोडायची. पंधराच्या तीन फेऱ्या. कंटाळवाणं काम आहे, पण माझं कोपर बरं होण्यात त्याचा वाटा कुठल्याही रॅकेटपेक्षा मोठा आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण नवी रॅकेट घेतली की दुखणं जाईल या आशेने पैसे खर्च करणारे दोघे तरी माझ्या ओळखीत आहेत.

मग रॅकेट शोधणं. अमेरिकेत काही दुकानं तीन-चार रॅकेट आठवडाभरासाठी घरी पाठवतात, खेळून परत करायच्या. मला तशी सोय नव्हती, म्हणून मी चक्क मागून घेतल्या. टेनिस खेळणारी माणसं रॅकेट द्यायला नाही म्हणत नाहीत, हा माझा अनुभव. फक्त ओव्हरग्रिप नवी घालून परत द्यावी.

पहिली मागितली ती माझ्या डबल्सच्या पार्टनरची, ३०० ग्रॅमची, जाड फ्रेमची, कडक. सर्व्हिस अशी बसली की समोरच्या दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. अर्धा तास मी हवेत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना कोपर कुरकुरलं. इथे मला एक गोष्ट कळली, ती पुढे फार उपयोगी पडली. रॅकेट हातात कशी वाटते हे कोर्टावर कळतं, पण ती हाताला मानवते का हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. म्हणून मी प्रत्येक रॅकेटने किमान तीन सकाळ खेळायचं ठरवलं आणि वहीत रोज फक्त एक ओळ लिहायची ठेवली: पातेलं उचललं की दुखलं का.

दुसरी होती विल्सन कंपनीची ब्लेड ९८. आमच्याकडे स्पर्धा खेळणारा एक १९ वर्षांचा मुलगा आहे, त्याची. ३०५ ग्रॅम, डोकं ९८ चौरस इंचांचं, फ्रेम पातळ, २१ मिलिमीटरची. त्या रॅकेटवर माझा जीव जडला, हे मान्य करते. जिथे बघाल तिथे बॉल जातो. व्हॉली तर अशी, जणू बॉल तळहातानेच थोपवला. कोपरही गप्प. पण दुसरा सेट सुरू झाला की माझा हात तिच्या मागे पडायचा. बॉल गाठायला उशीर, आणि उशीर झालेला बॅकहँड म्हणजे पुन्हा कोपरावर भार. तीन सकाळी खेळून जड मनाने परत केली. वीस वर्षांपूर्वी सुरुवात केली असती तर तीच घेतली असती.

तिसरी विल्सनचीच, क्लॅश १००. ही २०१९ मध्ये बाजारात आली तेव्हापासून तिच्या लवचीक फ्रेमची चर्चा आहे, आरए ५५ च्या आसपास. तारांशिवाय २९५ ग्रॅम. तारांनी पंधरा-सोळा ग्रॅम वाढतात, ओव्हरग्रिपने आणखी पाचेक, म्हणजे हातात ३१५ च्या पुढे-मागे. भार मुठीकडे असल्याने ते वजन जाणवत नाही, माझ्या जुन्या २७८ पेक्षा ती फिरवायला सोपी वाटली. पहिल्या दिवशी मात्र बॉल सगळे बाहेर. बॉल तारांवर जरा जास्त वेळ थांबल्यासारखा वाटतो, कधी निघाला तेच कळत नाही. ब्लेडचा तो खणखणीत स्पर्श इथे नाही. पहिल्या सकाळी मी नाराज होऊनच घरी आले. वहीत लिहिलं: दुखलं नाही. दुसऱ्या सकाळी, दुखलं नाही. चौथ्या दिवशी सलग दोन तास खेळून लिहिलं तेव्हाही तेच.

म्हणजे आराम होता, ताकदही होती, ताबा नव्हता. गटिंगवाल्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, "फ्रेम बदलू नका, तारा बदला." मागून आणलेल्या रॅकेटमध्ये ५० पाउंडला मल्टिफिलामेंट तारा होत्या. बारीक धाग्यांची वळलेली ही तार पॉलिएस्टरपेक्षा खूप मऊ. सैल तारा बॉल जोरात फेकतात, घट्ट तारा त्याला आवरतात. मऊ तार जरा घट्ट केली तरी हाताला ती पॉलिएस्टरइतकी लागत नाही. मी नवी क्लॅशच घेतली, तीच तार ५५ पाउंडला घातली. बॉल आत पडायला लागले, पण थंडीत, डिसेंबरच्या सकाळी, ती फळीसारखी वाटायची. मग ५३. तिथे गाडी रुळावर आली. प्रत्येक वेळी मी एकच गोष्ट बदलली. दोन बदलल्या असत्या तर कशाने काय झालं ते कळलंच नसतं.

मुठीचंही सांगते, कारण याकडे कोणीच बघत नाही. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळव्याचा उंचवटा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली पाहिजे. माझ्या जुन्या रॅकेटवर ती शिरतच नव्हती, मूठ बारीक होती, त्यामुळे मी ती आवळून धरत होते. आता एल टू, म्हणजे सव्वाचार इंच, वर एक ओव्हरग्रिप.

आणि आमच्या मार्कर दादांनी, म्हणजे कोर्टावर आमचा सराव घेणाऱ्यांनी, बॅकहँड बदलून घेतला. बॉल शरीरापुढे घ्यायचा, मनगट सरळ, दोन हात. पहिले दोन महिने मी रोज हरत होते. त्यांनी बास्केटभर बॉल टाकत टाकत एकच शब्द लावून धरला, "पुढे, ताई, पुढे!" अजून सकाळी कोर्टात पाऊल टाकलं की तो शब्द आधी कानात येतो.

जुनी रॅकेट मी टाकली नाही. तिच्यात मऊ तारा ४८ पाउंडला घालून लेकीच्या मैत्रिणीला दिली. ती १३ वर्षांची आहे, शिकतेय, आणि बॉल नेटपलीकडे गेला की तिचाही चेहरा खुलतो. फक्त कोपर दुखलं तर लगेच सांग, असं बजावलंय.

माझ्या रॅकेटच्या गळ्यावर आता पांढऱ्या टेपचा एक तुकडा आहे. त्यावर गटिंगची तारीख आणि पाउंड लिहिते. आठवड्याला जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षातून तारा बदला, हा जुना हिशेब मी पाळते, म्हणजे माझ्यासाठी वर्षातून चारदा. काल संध्याकाळी रॅकेट काकांकडे टाकून आले. त्यांनी टेप वाचली, पावतीवर ५३ लिहिलं आणि म्हणाले, गुरुवारी या.