दीड फूट पाण्यात तरंगणारी श्रिंपर : फाल आणि हेलफर्डच्या खाड्यांत तीन दिवस

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, फालमथचं बंदर आहे. तिथल्या खाड्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला विजयदुर्गची आठवण झाली. तशीच खोल आत शिरलेली खाडी, दोन्ही काठांना पाण्यापर्यंत उतरलेली झाडी, तोंडाशी किल्ले. अशा पाण्यासाठीच घडवल्यासारखी एक छोटी होडी आहे, 'कॉर्निश श्रिंपर 19'. सप्टेंबरअखेरीस ताई देवगडहून आली होती. तिला घेऊन मी या होडीवर तीन दिवस राहिलो.

आधी होडीबद्दल, कारण सगळा प्रवास तिच्याच स्वभावाने ठरतो. रॉजर डाँग्रे यांनी तिचं रेखाटन केलं आणि 1979 पासून कॉर्नवॉलमधल्याच रॉक या गावी ती फायबरग्लासमध्ये बांधली जाऊ लागली. आजवर हजाराहून जास्त झाल्या. अंगाची लांबी सव्वाएकोणीस फूट, रुंदी सात फुटांच्या थोडी वर, वजन सुमारे 1,060 किलो. महत्त्वाचा आकडा मात्र वेगळाच आहे. तळातून खाली सोडायची मधली लोखंडी पाटी वर ओढली की तिला फक्त दीड फूट पाणी लागतं, खाली सोडली की चार फूट. केबिनमध्ये दोघांना झोपता येतं, उभं राहता येत नाही. शीड गॅफ पद्धतीचं, म्हणजे वरच्या कडेला तिरकी काठी असलेलं चौकोनी, विटकरी रंगाचं, आणि नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) पुढे लांब काठी, तिच्या टोकाला जिब, म्हणजे पुढचं छोटं तिकोनी शीड.

हे जुनं रूप कुणाला नुसती सजावट वाटेल, पण तसं नाही. फालच्या खाडीत आजही कालवं काढायला इंजिन चालत नाही. ऑक्टोबर ते मार्च या हंगामात शिडावर किंवा वल्ह्यांवर चालणाऱ्या होड्यांनीच ती काढावी लागतात. त्या होड्यांची शिडं गॅफचीच असतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांची हंगामाची तयारी चालली होती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी आठला फालच्या काठच्या मायलरहून हेलफर्ड नदीकडे निघालो. ओहोटी चालू होती, नैऋत्येचा वारा तेरा-चौदा नॉट. हेलफर्डचं तोंड साधारण नैऋत्येलाच, म्हणजे वारा सरळ तोंडावर. इथे श्रिंपरची उणी बाजू कळते. वाऱ्याच्या पन्नास-पंचावन्न अंशांपेक्षा जवळ तिला नेलं की ती मरगळते, आणि पाटी पूर्ण खाली नसेल तर खेकड्यासारखी बाजूला सरकते. नव्या धाटणीची उंच, अरुंद शिडाची होडी आमच्या शेजारून बघता बघता पुढे निघून गेली. मी तिला वाऱ्यापासून चार अंश दूर वळवलं तेव्हा तिने वेग धरला. बाहेर वाहणारी ओहोटी सोबत होती म्हणून बंदराच्या तोंडाशी तासाभरात आलो. उलट भरतीत निघालो असतो तर त्याच दोन किल्ल्यांच्या मधे, पेंडेनिस आणि सेंट मॉझच्या मधे, दुपारपर्यंत येरझाऱ्या घातल्या असत्या.

त्या तोंडाच्या बरोबर मधे ब्लॅक रॉक नावाचा खडक आहे, वर खूण उभी केलेली. तिथेच एक जोराचा झोत आला. गॅफचं शीड वर खेचायला दोन दोऱ्या असतात, एक तिरक्या काठीच्या बुडख्याला आणि एक शेंड्याला. शेंड्याची दोरी मी हातभर सैल सोडली. काठीचं टोक खाली आलं, शिडाचा वरचा कोपरा लोळागोळा झाला आणि कललेली होडी सरळ झाली. ताईने पाण्यात टेकलेली कड वर येताना पाहिली आणि म्हणाली, "अरे, एवढंच करायचं असतं?" झोत येईल तेव्हा एवढं पुरतं. वारा वाढतच चालला असेल तर मात्र लगेच रीफ घ्या, म्हणजे शीड आवळून लहान करा. पंधरा नॉटच्या वर पूर्ण शिडाने तिचं सुकाणू जड होतं, आणि जड सुकाणू म्हणजे वेग वाढणं नव्हे.

हेलफर्डमध्ये पाहुण्यांच्या होड्या बांधायला बोये आहेत, पहिली रात्र तिथेच काढली. नदीच्या वरच्या अंगाला कालवांची शेती आहे, तिथे नांगर टाकायचा नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पाठीशी घेऊन परत फिरलो. अशा वाऱ्यावर श्रिंपर पाच नॉटला आरामात चालते. संध्याकाळी पूर्ण भरतीला सेंट मॉझच्या मागे, पर्कुइल नदीच्या एका उथळ फाट्यात शिरलो. होडी चिखलावर बसवून झोपायचं, हाच या प्रवासाचा हेतू होता.

भरतीचा हिशेब कोकणातल्या माणसाला इथे सहज जमतो. मुंबईकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. फालमथला उन्हाळी वेळेप्रमाणे त्यात सहा तास मिळवा, अंदाज बराच जवळ येतो. म्हणजे उधाणाला भरती सकाळ-संध्याकाळी सहा-सातला आणि सुकती मध्यरात्री. संध्याकाळी आत शिरायचं, रात्री होडी बसते, पहाटे पुन्हा तरंगते. नेमकी वेळ मात्र छापील तक्त्यातूनच घ्या. उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं-उतरतं, तिथे अंदाजावर विसंबू नये. आणि उधाण उतरणीला लागलेलं असताना भरतीच्या माथ्यावर होडी कधीच बसवू नका. पुढची भरती तेवढी चढत नाही. होडी भांग (लहान भरतीचे दिवस) सरून पुढच्या उधाणापर्यंत तिथेच अडकेल.

रात्री साडेनऊला तळ हलकेच टेकला. होडी दोन-तीन अंश कलून स्थिर झाली. पाणी गेल्यावर चिखलातून बुडबुड्यांचा बारीक आवाज येत राहिला, आणि देवगडच्या खाडीचाच वास. ताई बराच वेळ बाहेर बसून होती.

चूक सकाळी कळली. आम्ही चिखल समजलो होतो त्यात खडी होती. होडी तरंगली, पण पाटीची दोरी सोडली तरी पाटी हलेना. बारीक खडे तिच्या खोबणीत घट्ट बसले होते. पाटीशिवाय वाऱ्यावर चढणं अशक्य. शेवटी इंजिनवर हळूहळू वाळूच्या काठाशी गेलो. मी वेटसूट घालून कंबरभर पाण्यात उतरलो आणि तंबूच्या लोखंडी खुंटीने खालून खडे उकरले. हातभर उकरल्यावर पाटी एकदम सुटली. पाटी सुटेल तेव्हा बोटं त्या खोबणीत असू देऊ नका, ती जड असते. होडी बसवण्याआधी ओहोटीला ती जागा एकदा पायी चालून पाहा. आणि होडी पुन्हा तरंगली की, निघण्याआधी, पाटी थोडी खालीवर करून बघा.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीबरोबर फालमध्ये वर गेलो. किंग हॅरीची साखळीवर चालणारी फेरी 1888 पासून तिथे आहे. ती ये-जा करत असेल तर दूर थांबा आणि तिच्या मागून जा. तिच्या आसपास नदी इतकी खोल आहे की काम नसलेली मोठी जहाजं झाडांच्या मधोमध बांधून ठेवतात. तिथे वारा पडतो, तेव्हा इंजिनमध्ये डिझेल असू द्या. माल्पस गावाच्या वर, ट्रूरो शहरापर्यंत, ओहोटीला पाणी उरत नाही. भरतीच्या आधी दोन तास निघालात तर शहराच्या धक्क्यापर्यंत जाऊन परत येता येतं. आम्ही माल्पसलाच थांबलो.

इंग्लंडमध्ये समुद्रावर स्वतःची अशी होडी चालवायला परवाना लागत नाही. भाड्याने घेताना मात्र बहुतेक ठिकाणी 'डे स्किपर' हे होडी चालवण्याचं प्रमाणपत्र मागतात. स्वतःची ट्रेलरवर आणणार असाल तर डोलकाठी बुडाशी बिजागरीवर आडवी होते, दोघांनी अर्ध्या तासात उभी करता येते. एकट्याने करू नका.