डीवायएस ४५८ ची रिकामी जागा

एकाच बॅचमध्ये दोन म्हातारे आमच्या यंत्राने बायका ठरवले. एक ठाण्यात कोपरीला राहणारे, दुसरे नेरुळच्या बाजूच्या एका गावठाणातले. दोघांनाही भरघोस मिशा, मुलं, नातवंडं. कागदावर मात्र दोघांच्याही नावापुढे एक्स, एक्स.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत एका खासगी डीएनए लॅबमध्ये काम करते. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतो. आमच्या मजल्यावर मायक्रोस्कोपच नाही. गालाच्या आतून फिरवलेला स्वॅब येतो, त्यातला डीएनए काढायचा, किती निघाला ते मोजायचं, त्यावरच्या ठरावीक जागांच्या प्रती वाढवायच्या आणि स्क्रीनवर उमटणारे रंगीत पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे, वाचायचे. उरलेला निम्मा दिवस अंगठ्याचे ठसे, फोटो आणि आधारच्या झेरॉक्स जुळवण्यात जातो.

केस ऐकायला साधी होती. गावच्या काकांची जमीन सिडकोत गेलेली, तिच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर वारसांचा घोळ. कोपरीच्या काकांचं म्हणणं, माझे वडील आणि तुमचे वडील सख्खे भाऊ. मिठागरावरच्या भांडणानंतर माझे वडील ऐन तारुण्यात घर सोडून ठाण्याला आले आणि गिरणीत लागले. गावच्या काकांना असा एक चुलता होता हे ऐकून माहीत, पण कागद कोणाकडेच नाही. दोन्ही वकिलांचं एका गोष्टीवर एकमत झालं: ‘डीएनए करून टाका.’

करून टाका! चुलत भावांच्या बाबतीत नेहमीची चाचणी जवळजवळ निरुपयोगी असते. प्रत्येक जागेवर एक छोटा तुकडा किती वेळा पुन्हा येतो, तो आकडा आम्ही वाचतो. बाप-लेकात प्रत्येक जागेवरचा एक आकडा जुळावाच लागतो. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी आठवा हिस्साच समान असतो. आठवा म्हणजे साडेबारा टक्के. हे मी पहिल्या बैठकीत बोलले तेव्हा गावच्या काकांचा मुलगा एकदम ताठ बसला. त्याला वाटलं, मी भूखंडाचं बोलतेय. पंधरा-सोळा जागा वाचून तो आठवा हिस्सा खात्रीने हाती लागत नाही, म्हणून अशा ठिकाणी वाय गुणसूत्र तपासायचं. ते बापाकडून मुलाला जवळपास जसंच्या तसं जातं. एक्सबरोबर त्याची देवाणघेवाण होते ती फक्त दोन टोकांना. दोघांचे वडील सख्खे भाऊ असतील, तर दोघांचं वाय आजोबांचंच.

वकिलांना ‘पूर्ण’ चाचणी हवी होती, म्हणून आधी नेहमीचं किट चालवलं. त्यात लिंग ओळखायला अमेलोजेनिन नावाची जागा असते. दातावरच्या एनॅमलच्या प्रथिनाचं हे जनुक एक्सवरही असतं आणि वायवरही. एक्सवरच्या प्रतीत डीएनएची सहा अक्षरं कमी. म्हणून पुरुषाचे दोन पीक दिसतात, बाईचा एक. या दोघांचा एकेकच आला.

आमच्या टेक्निकल मॅनेजरनी क्षणात निदान केलं. सॅम्पल आणणाऱ्या पोराने घरातल्या बायकांचे स्वॅब घेतले असणार. एका घरी नव्हे, दोन्ही घरी! पोरगा दिघ्याहून बाइकवर फिरतो, स्वॅब घेताना व्हिडिओ काढतो, त्याच्या फॉर्मवर एक खाडाखोड नसते. तरी मेमो टाइप झाला. चूक शोधायची तर सगळ्यांत कमी पगारापासून सुरुवात करायची, हा आमच्याकडचा अलिखित नियम. त्यात फ्रंट डेस्कवरच्या मुलीने परस्पर कोपरीला फोन लावला: ‘तुमचं सॅम्पल फीमेल आलंय, परत द्यावं लागेल.’ काकांनी फोन नातवाकडे दिला आणि त्या दिवशी जेवले नाहीत, असं नंतर कळलं.

मी काढला क्वांटचा कागद. डीएनए मोजताना आमचं किट एकूण मानवी डीएनए किती आणि त्यात पुरुषाचा किती, हे वेगवेगळं सांगतं. पुरुषाचा भाग मोजायला ते एसआरवाय हे पुरुषपण ठरवणारं जनुक वाचतं. ते वायच्या टोकाजवळ, अमेलोजेनिनपासून बरंच दूर. दोघांचेही दोन आकडे जवळपास सारखे होते, म्हणजे सगळा डीएनए पुरुषाचाच. हा कागद प्रत्येक फाइलमध्ये असतो आणि कोणीही उघडून बघत नाही, कारण रिपोर्टात तो लागत नाही.

वायवरचं अमेलोजेनिन नसलेले धडधाकट पुरुष असतात, आणि आपल्याकडे ते तसे दुर्मीळही नाहीत. २००२ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत थंगराज आणि लालजी सिंग यांच्या गटाने २७० भारतीय पुरुष तपासले, त्यांतल्या पाच जणांत ही प्रत गायब होती. (हेच लालजी सिंग पट्टेरी मण्यारीच्या मादीच्या लिंगगुणसूत्रावर काम करत होते, त्यातून हाती लागलेल्या तुकड्यावर आपल्याकडच्या डीएनए फिंगरप्रिंटिंगची पायाभरणी झाली. नव्या मुलांना मी हे सांगते तेव्हा ती मोबाइल खाली ठेवतात.) वायच्या आखूड बाजूचा तीस लाखांहून जास्त अक्षरांचा तुकडा अशा पुरुषांत गळलेला असतो. दाढीमिशी येते, मुलं होतात. एनॅमलचं काम एक्सवरची प्रत सांभाळते. गावच्या काकांनी ऑफिसात बसून शेंगदाण्याची चिक्की दातांनी तोडली, ती मी पाहिली आहे.

मग सतरा जागांचं वायचं किट लावलं. पीक नीट आले, दोघांचे एकाखाली एक ठेवले तर तंतोतंत. फक्त एका जागी दोघांकडेही काहीच नाही: डीवायएस ४५८. ही जागा त्याच गळलेल्या तुकड्यात येते. पुनरावृत्तीचा आकडा एखाद्या पिढीत एकाने वाढतो, कधी मागे येतो. गेलेला तुकडा परत येत नाही. मेमो कचऱ्यात गेला. पोराची माफी कोणी मागितली नाही.

इथवर मी खूश होते. वकील माझ्याहून खूश. ‘म्हणजे सख्खे चुलत भाऊ, एवढं एका ओळीत लिहून द्या.’

ती ओळ मला लिहिता येत नव्हती. वाय भावकी सांगतो, भाऊ सांगत नाही. एका जागेवरचा आकडा बदलण्याचं प्रमाण साधारणपणे शेकडो पिढ्यांत एकदा असं असतं. त्यामुळे आठ पिढ्यांमागे फुटलेल्या शाखेतले दोन पुरुषही सगळ्या जागांवर जुळण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते. गावठाणात तर अर्धी आळी एकाच आडनावाची. आणि तो तुकडा नसणं ही एका घराची खूण नव्हे. भारतात अशा वंशरेषा इतरत्रही नोंदलेल्या आहेत. १९९८ मध्ये अमेरिकेत थॉमस जेफरसन आणि त्याच्याकडे गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्ज हिच्या मुलांचा प्रश्न असाच तपासला गेला. जेफरसनच्या चुलत्याच्या पुरुष वंशजांचं वाय एस्टन हेमिंग्जच्या वंशजाशी जुळलं. त्यावरून सिद्ध झालं ते एवढंच, की एस्टनचा बाप जेफरसन घराण्यातला पुरुष. थॉमसच, हे ठरवायला इतिहासाचे कागद लागले. इथे कागदच नव्हते.

गावातल्या लांबच्या भाऊबंदांपैकी कोणाचा तरी नमुना द्या, म्हणजे हे वाय तिथे किती जणांचं आहे ते कळेल, असं मी सुचवलं. दोन्ही पक्षांनी नकार दिला. कोपरीच्यांना जुळणी स्वस्त होण्याची भीती. गावच्यांना भलतंच काही निघण्याची. ही दुसरी भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही. कोपरीच्या नातवाने तर ‘कोणाचा तरी चहाचा कप उचलून आणू का?’ असंही विचारलं. त्याला मी खडसावलं. हाच नातू आम्ही मूळचे कुठले, म्हणून मागे लागला होता. तुकडा गळलेले असे पुरुष बऱ्याचदा वायच्या जे-२ या वंशगटाच्या एका शाखेत सापडतात, हे त्याने कुठेतरी वाचलं आणि फॅमिली ग्रुपवर ‘आपण पश्चिम आशियातले’ असं टाकून मोकळा झाला. दहा पिढ्या मागे गेलं तर त्या पायरीवर हजारावर पूर्वज भरतात, त्यातल्या एकाच माणसाचं वाय तुझ्यात आहे, बाकीच्यांचं काय करायचं? यावर त्याने अंगठ्याची इमोजी पाठवली.

या सगळ्यात कोपरीच्या काकांची थोरली बहीण प्रत्येक वेळी सोबत असायची. घर सोडलेल्या बापाने सांगितलेलं सगळं तिलाच पाठ: कुठला खारबांध कोणाचा, आजी कुठल्या गावची. तिने स्वॅबही हट्टाने दिला होता. आमच्याकडे तो ‘अनावश्यक’ शिक्का मारून ठेवलेला. रिपोर्टाच्या दिवशी तिने विचारलं, “मंग माझे आंगान बापाचा कायच नाय का गो बाय?”

“आत्या, अर्धं सगळं बापाचंच आहे. वाय तेवढं नाही,” असं म्हणता म्हणता मीच थांबले. तिच्या दोन एक्सपैकी एक अख्खा बापाकडून आलेला, आणि बापाला तो त्याच्या आईकडून. म्हणजे दुसऱ्या गावाहून लग्न होऊन आलेल्या त्या आजीचा, भावकीतल्या कोणाचा नव्हे. गावच्या काकांच्या वडिलांचा एक्सही त्याच आजीचा असायला हवा. काकांकडे तो नाही, त्यांचा एक्स त्यांच्या आईचा. पण काकांना सख्खी बहीण असेल, तर तिच्याकडे तो नक्की आहे. दोन्ही काकांच्या एक्सवरून त्यांच्या बहिणींमधली आईची बाजू बऱ्यापैकी वजा करता येते. एक्सवरच्या १२ जागा चार गटांत तपासायचं किट मिळतं. आजीच्या दोन एक्सची सरमिसळ होऊन मुलांना जाते, त्यामुळे प्रत्येक गटात जुळण्याची शक्यता निम्मी. दोघांचे वडील खरे भाऊ असूनही चारही गट हुकायची शक्यता साधारण सोळात एक. पक्का पुरावा नव्हेच. पण वाय जिथे गप्प बसतो, नेमकं तिथलं हे बोलतं.

“काका, तुम्हाला बहीण आहे ना?”

आहे, ऐरोलीला. खोलीत एकदम थंडपणा आला. मुलगा म्हणाला, “तिचा काय संबंध? तिनं हक्कसोडपत्र कधीच दिलंय.” त्यांचे वकील फाइल बंद करत म्हणाले, “मॅडम, विषय वाढवू नका.” मला उशिरा उमगलं: बहिणीला गालाचा स्वॅब मागायचा, तर तो कशासाठी हे तिला सांगावं लागणार, आणि मग ती सही केलेला कागद पुन्हा वाचायला मागणार. कोपरीकडच्यांनीही जोर लावला नाही. त्यांच्याही घरात एक बहीण आहेच.

‘एकाच पुरुष वंशरेषेतील असण्यास निष्कर्ष पूरक, नात्याचा टप्पा ठरवता येत नाही,’ असं लिहून मी सही केली. दोन्ही पक्षांनी ते वाक्य आपापल्या सोयीने वाचलं, भूखंडाचं अजून चाललंय. मॅनेजरांना वाटतं, मी एक्सचा विषय काढून गिऱ्हाईक बिथरवलं.

परवा कोपरीच्या नातवाचा फोन आला. आत्याने ऐरोलीच्या बाईंचा नंबर स्वतः मिळवलाय, दोघी एकदा भेटल्याही, आणि एक्सची चाचणी कितीला पडेल असं विचारलंय. मी दर सांगितला. पत्रावर दोघींच्याच सह्या लागतील, भावांच्या नमुन्यांसाठी भावांची वेगळी संमती घ्यावी लागेल, हेही सांगितलं. आत्याचा स्वॅब फेकू नका, म्हणून स्टोअरला मेल टाकलाय. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.