‘फुल फंडिंग’मध्ये काय काय येतं?

‘अमेरिकेत एपिडेमिऑलॉजी (रोगांच्या प्रसाराचा अभ्यास) किंवा बायोस्टॅटिस्टिक्समध्ये (आरोग्यविषयक संख्याशास्त्रात) पीएचडी करायची आहे, स्कॉलरशिपचा फॉर्म कुठे मिळतो?’ एमबीबीएस-बीडीएस झालेले, एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) करणारे, एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सवाले, सगळे हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: बहुतेक ठिकाणी असा वेगळा फॉर्म नसतोच. प्रवेशाच्या अर्जावरच पैशांचंही ठरतं. त्यामुळे आधी पाहायचं ते हे, की त्या विभागात पैसा येतो कुठून.

एनआयएच या अमेरिकी सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या टी३२ या प्रशिक्षण अनुदानातून विद्यार्थ्यांना स्टायपेंड मिळतो, पण फक्त अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना. विभागाच्या वेबसाइटवर टी३२चं नाव ठळक दिसलं म्हणून आपण खूश व्हायचं कारण नाही. आपल्या मुलांना पैसे मिळतात ते मुख्यतः रिसर्च असिस्टंटशिप (संशोधनात मदत), टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्यात मदत) किंवा विद्यापीठाच्या फेलोशिपमधून.

इथेच दोन विषयांत फरक पडतो. क्लिनिकल ट्रायल असो की कोहॉर्ट (एकाच गटाचा दीर्घकाळ केलेला अभ्यास), प्रत्येक प्रकल्पाला विश्लेषण करणारा माणूस लागतो, त्यामुळे बायोस्टॅटिस्टिक्सला असिस्टंटशिप तुलनेनं सहज मिळते. एपिडेमिऑलॉजीत गाइडच्या ग्रँटवर (संशोधन अनुदानावर) बरंच अवलंबून असतं. एनआयएच रिपोर्टर या खुल्या डेटाबेसमध्ये गाइडचं नाव टाका आणि प्रकल्प संपण्याची तारीख पाहा. तुम्ही रुजू व्हाल त्याच वर्षी ग्रँट संपत असेल, तर पुढचे पैसे कुठून येणार हे स्पष्ट विचारा. २०२५मध्ये अनेक ग्रँट मध्येच रद्द झाल्या आणि काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागाही कमी केल्या, त्यामुळे असं विचारण्यात गैर काहीच नाही. डीआरपीएचला (डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ या पदवीला) मात्र बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. नावावरून ती पीएचडीच समजू नका.

बायोस्टॅटिस्टिक्ससाठी मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा लागतंच, रिअल अ‍ॅनालिसिस (सिद्धतांवर भर असलेलं पुढचं गणित) असेल तर अर्जाला वजन येतं. वैद्यकीय पदवीधरांचे अर्ज अडतात ते इथेच. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स केलेल्यांनी हे विषय केलेलेच असतात, तरी एमपीएच नाही म्हणून ते उगाच कचरतात.

मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीला असते. अनेक पब्लिक हेल्थ स्कूल सोफस या सामायिक पोर्टलवरून अर्ज घेतात आणि परदेशी गुणपत्रिकांचं डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून मूल्यमापन मागतात. आपल्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट निघायलाच कित्येक आठवडे जातात. त्यासाठी विद्यापीठात ऑगस्टमध्येच अर्ज टाका, दिवाळीची वाट पाहू नका.

ऑफर लेटर हातात आलं की त्यात ‘फुल फंडिंग’ लिहिलं असलं तरी आकड्याआधी महिने मोजा. स्टायपेंड ९ महिन्यांचा की १२? ९ असेल तर उन्हाळ्यात काय? ट्यूशन माफ असली तरी ‘फी’ म्हणून वेगळी रक्कम लागते का? आरोग्य विमा कोण भरणार? हमी किती वर्षांची, आणि क्वालिफाइंग परीक्षा (पीएचडी पुढे चालू ठेवण्यासाठीची परीक्षा) नापास झाल्यास काय? एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, तेव्हा कमी पडलेले पैसे जादा कामातून भरून काढू असं धरून चालू नका.

घाईनं होकार द्यायचीही गरज नाही. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीसह दिलेल्या ऑफरला १५ एप्रिलपूर्वी उत्तर द्यायला भाग पाडू शकत नाहीत. तोवर वरचे सगळे प्रश्न ईमेलनं विचारा आणि उत्तरं लेखीच घ्या.