रॉयल्टी शून्य, मग कंपनी कमावते कशातून?

जळगावच्या रिंग रोडला, धुळ्याच्या देवपुरात, भुसावळच्या जामनेर रोडला चहाच्या, पिझ्झ्याच्या नाहीतर शेकच्या फ्रँचायझीचा, म्हणजे कंपनीचं नाव घेऊन आपल्या पैशाने चालवायच्या दुकानाचा, नवा फलक लागतो आणि वर्ष-दीड वर्षात उतरतोही. चव वाईट होती म्हणून दुकान बंद पडलं, असं फार कमी वेळा घडतं. बहुतेकदा नाव देणारी कंपनी आपल्याकडून पैसे कशातून कमावणार, हेच सही करताना विचारलेलं नसतं.

कंपनीच्या कमाईच्या जागा चार. सुरुवातीची फी, इंटिरिअर आणि मशिनरी, रोजचा माल, आणि रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला ठरलेला टक्का. जाहिरातीत 'रॉयल्टी शून्य' दिसलं की ती मालात किंवा फर्निचरमध्ये शोधायची. सही करण्याआधी मालाची पूर्ण दरयादी मागा आणि ती घेऊन सरळ दाणा बाजारात जा. त्यांचा खास मसाला, सिरप, प्रीमिक्स त्यांच्याकडूनच घ्यावं लागणार, ते मान्य. पण साखर, तेल, मैदा, टिश्यू पेपरही त्यांच्याच गोडाऊनचा घ्या म्हणत असतील आणि दर बाजारापेक्षा चढा असेल, तर तीच तुमची रॉयल्टी. गाडीभाडं कोणाचं, तेही विचारा. दर गोडाऊनचा असेल तर नाशिक-पुण्याहून येणाऱ्या गाडीचं भाडं तुमच्या डोक्यावर.

याच्या उलटही असतं. काही कंपन्यांची सगळी कमाई दुकान उघडण्यातच असते. 'टर्नकी 12 लाख', म्हणजे तयार दुकान हातात, असा एकच आकडा देतात, त्यात कुठलं मशीन किती लिटरचं, कुठल्या कंपनीचं, काही नाही. अशा कंपनीला तुमचं दुकान चाललं काय आणि न चाललं काय, फरक पडत नाही. बाबवार कोटेशन घ्या. प्रत्येक मशीनचं बिल तुमच्या नावावर, सीरियल नंबरसह हवं. दुरुस्तीचा माणूस जळगावात आहे की नाशिकहून येणार, हे आधीच विचारून ठेवा. फ्रायर बंद पडून तीन दिवस गेले तर त्या तीन दिवसांचं भाडं आणि पगार कोणी देत नाही.

फीवर 18 टक्के जीएसटी लागतो. 3 लाखांच्या फीवर 54 हजार. विकणारा माणूस सांगतो, "तो परत मिळतो, भाऊ." कपड्यांचं किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असेल आणि नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो. पण 5 टक्के जीएसटी लावणाऱ्या साध्या रेस्टॉरंटला हे इनपुट टॅक्स क्रेडिट नाही. त्यामुळे फी, रॉयल्टी, इंटिरिअर, मशीन या सगळ्यांवरचा जीएसटी खर्चातच धरायचा. तुमच्या सीएला हा एकच प्रश्न विचारायला गेलात तरी फेरी वसूल.

आता कागदावर मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

दिवसाचा गल्ला 8,000 धरला तर महिन्याचे 2,40,000. दर जीएसटीसह असतील तर सुमारे 11,400 सरकारचे, हातात 2,28,600. माल 42 टक्के, म्हणजे 96,000. उरले 1,32,600. त्यातून भाडं 25,000, तीन पोरांचे पगार 36,000, लाईट 12,000, गॅस 7,600, पॅकिंग-सॉफ्टवेअर-सफाई-तूटफूट 8,000. रॉयल्टी 5 टक्के आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून साधारण 13,500. उरले 30,500. 10 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं असेल तर हप्ता 21,740 च्या आसपास. शेवटी राहिले 8,760, आणि यात तुमचा स्वतःचा पगार धरलेलाच नाही.

आता गल्ला फक्त हजाराने कमी करा, दिवसाला 7,000. भाडं, पगार, लाईट, हप्ता जागच्या जागी राहतात. शेवटी 6,000 रुपये घरातून घालावे लागतात. कंपनीच्या एक्सेल शीटमध्ये गल्ला 15,000 लिहिलेला असतो. तो कुठल्या गावचा, हे शीटवर नसतं.

म्हणून गल्ला आपणच मोजायचा. त्याच ब्रँडचं चालू दुकान गाठा, शक्यतो तुमच्या गावाएवढ्याच गावातलं. पुण्याच्या एफसी रोडवरचं नको. दुकान उघडल्याबरोबर एक चहा घ्या आणि बिल जपून ठेवा. रात्री बंद व्हायच्या आधी आणखी एक घ्या. दोन बिलांच्या नंबरांतला फरक म्हणजे दिवसभरातली बिलं. सकाळी 4 नंबर, रात्री 131, तर सव्वाशेच्या आसपास. सरासरी बिल 50 चं वाटलं तर गल्ला साडेसहा हजारांच्या आत. एक सोमवार आणि एक रविवार, दोन्ही मोजा. बाहेर बसून डोकी मोजण्यापेक्षा हे पक्कं. दुकानदाराशीही बोला, पण कंपनीने दिलेल्या यादीतल्या तीन नंबरांवर थांबू नका. बंद पडलेल्या दुकानांचे पत्ते मागा. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी 23 मुद्द्यांचं माहितीपत्रक द्यावं लागतं आणि त्यात सोडून गेलेल्यांची माहितीही असते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदाच नाही. 1872 चा करार कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद, एवढंच. विचारलं नाही तर कोणी सांगणार नाही.

खानदेशात पुण्या-मुंबईच्या शीटला दोन गोष्टी हमखास फोडतात. पहिली, मे महिना. पारा 44-45 ला गेला की दुपारी बारा ते पाच बाजारात माणूस दिसत नाही, कॉलेजच्या भागात तर पोरंच गावी गेलेली असतात. शेतमालाचा पैसा बाजारात येतो तो कापूस निघाल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. मार्चमध्ये दुकान उघडून पहिले तीन महिने उन्हात काढण्यापेक्षा ऑगस्ट-सप्टेंबर गाठा.

दुसरी, लाईट. पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या गाळ्यात डीप फ्रीझर भिंतीला चिकटवून ठेवला तर मेमध्ये कॉम्प्रेसर थांबतच नाही, आणि मग चीज, फ्राइज मऊ पडतात. मागे-बाजूला वीतभर जागा मोकळी सोडा, फ्रीझरवर खोकी रचू नका. भार आधी जोडा: दीड टनाचे दोन एसी साडेतीन किलोवॅट, दोन फ्रायर सहा, ओव्हन अडीच, कॉफी मशीन तीन. झाले पंधरा. जुन्या गाळ्याला सिंगल फेज मीटर असेल तर थ्री फेज, वाढीव भार आणि अनामत हे सगळं महावितरणकडे जाऊन करायचं. गाळ्याच्या करारावर सही करण्याआधी मालकाचं लाईट बिल पाहा, मंजूर भार त्यावरच लिहिलेला असतो.

आता कागद. फ्रँचायझीचा करार पाच वर्षांचा आणि गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचा, हे फार दिसतं. दुकान चालायला लागलं की मालक भाडं वाढवतो, आणि दुकान हलवायचं तर कंपनी पुन्हा फी मागते. दोन्हींच्या मुदती जुळवा, गाळ्याचा करार नोंदणीकृत करा. 'दोन किलोमीटरमध्ये दुसरं दुकान नाही' हे कलम शहाद्या-चोपड्यात जवळजवळ अख्खं गाव धरतं, जळगावात कमी पडू शकतं. शिवाय ऑनलाइन डिलिव्हरीचं किचन त्यातून वगळलंय का, तेही वाचा. रॉयल्टी ॲपचं कमिशन कापायच्या आधीच्या रकमेवर लागते की नंतरच्या, हे आकड्यात लिहून घ्या. वाद झाला तर लवाद कुठे? गुरुग्राम लिहिलं असेल तर लाखाभराच्या अनामतीसाठी कोणी तिथे खेटे घालत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. सुरक्षा म्हणून सही केलेले कोरे चेक मागितले तर देऊ नका. चेक वटला नाही की 138 ची केस तुमच्यावर.

ब्रँडचं नाव आयपी इंडियाच्या, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर शोधा. 'टीएम' कोणीही लिहू शकतो, नोंदणी झाल्यावरच गोलातलं 'आर' येतं. रेस्टॉरंटसाठी वर्ग 43 पाहा. जीएसटीच्या साइटवर कंपनीचा जीएसटी नंबर टाकला की रिटर्न वेळेवर भरतात का, तेही दिसतं. पैसे वैयक्तिक खात्यावर किंवा आधी 'एनओसी फी' म्हणून मागितले तर तिथेच थांबा. मोठ्या ब्रँडच्या नावाने खोट्या साइट चालतात. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा.

बाहेर पडायचं कलम सगळ्यात आधी वाचा, ते बहुधा शेवटून दुसऱ्या पानावर असतं. अनामत किती दिवसांत परत, दुकान दुसऱ्याला विकलं तर ट्रान्सफर फी किती, उरलेला लोगोचा माल कोण घेणार. लोगो छापलेले दहा हजार कप दुसऱ्या कुठल्या दुकानात चालत नाहीत, म्हणून पहिल्या ऑर्डरला दोन हजारच घ्या.