वादी रम: ‘अस्सल बेदुईन’ तंबू बुक करण्याआधी

वादी रम म्हणजे जॉर्डनमधलं संरक्षित वाळवंट, आणि बेदुईन म्हणजे तिथले वाळवंटी टोळ्यांचे अरब. पत्त्यात ‘वादी रम’ आहे म्हणून तंबू वादी रमच्या आत असेलच असं नाही. पारदर्शक घुमटांचे बरेचसे चकचकीत कॅम्प दिसी गावाकडे, संरक्षित क्षेत्राबाहेर आहेत. तो झुवैदा टोळीचा भाग. संरक्षित क्षेत्राच्या आतलं रम गाव झलाबिया टोळीचं. बुकिंगआधी एकच विचारा: भेटायचं कुठे? उत्तर ‘रम गाव’ आलं तरच पुढचं बोला.

दुसरी मेख पैशांची. खाट जवळजवळ फुकट दिसली, की जीपची फेरी त्यांच्याचकडून घ्यायची सक्ती असते. खाट, जेवण, पाणी आणि जीपचे तास धरून एकूण आकडा लेखी घ्या, आणि जीपचा दर गाडीमागे की माणशी, हेही. प्रवेश माणशी 5 दिनार, जॉर्डन पास (पर्यटकांसाठीचा एकत्रित पास) असेल तर वेगळे नाहीत.

जीपवाले ‘लॉरेन्सचा झरा’ (‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला ब्रिटिश अधिकारी) म्हणून अबू ऐना हा झरा दाखवतात. लॉरेन्सने वर्णन केलेला झरा ऐन शलाला, गावाजवळच्या प्राचीन नबातियन लोकांच्या देवळाच्या वर. पायी जाता येतं. अबू ऐना वगळा.

तंबूचं म्हणाल तर खरा ‘बैत अश-शआर’ शेळीच्या काळ्या केसांचा. कोरड्या हवेत विणीतून वारा खेळतो, उजेडाचे ठिपके दिसतात. पावसात केस फुगून वीण मिटते. कॅम्पात बहुधा तसं दिसणारं, पट्ट्यापट्ट्यांचं नुसतं कापड असतं. तंबूतल्या पडद्यापलीकडची बाजू बायकांची, तिकडे डोकावायचं नाही. कडू, वेलदोड्याची कॉफी उजव्या हाताने घ्या. पुरे झाली की पेला हलवून परत करा. नुसता पुढे केलात तर पुन्हा भरला जाईल.

झर्ब म्हणजे वाळूत पुरलेल्या पिंपातलं जेवण. तळाला निखारे, वर मजल्यांची जाळी, झाकण, घोंगडी आणि वाळू. दोनेक तास लागतात. वाळू नीट दाबली नाही तर वाफ निसटते आणि बटाटे कच्चे राहतात. शाकाहाऱ्यांनो, कोंबडी वरच्या जाळीवर असली तर चरबी खालच्या भाज्यांवर गळते. ‘व्हेज आहे’ एवढ्यावर विसंबू नका. भाजी वेगळी शिजवायला आदल्या दिवशी सांगा. नाहीतर हमूस आणि रोटी आहेच.

आता बुर्दा. या दगडी कमानीला ‘छोटीशी चढाई’ म्हणणाऱ्याला एकदा वर पाठवावं. कमानीच्या थोडं अलीकडे एक उघडी, तिरकी कातळपट्टी आहे. सह्याद्रीच्या बसाल्टमध्ये खोबण्या सापडतात. इथे वालुकाश्म, पकडायला काही नाही, भिस्त बुटाच्या रबरावर. वर वाळूचा थर असला की पाय सरकतो. चढताना जमतं, उतरताना फजिती होते, म्हणून दोर हवाच. जीपचालक सगळे वर येत नाहीत. ‘दोर घेऊन कमानीपर्यंत येणार का?’ हे ठरवूनच निघा. पावसानंतर दोन-तीन दिवस तरी नाही: ओला वालुकाश्म ठिसूळ होतो, हातातली कपार निखळते. माणशी तीन लिटर पाणी, पहाटे सुरुवात. भर उन्हाळ्यात नाहीच.

उम्म फ्रूथची कमान मात्र दहा मिनिटांचं काम. फोटोपुरतीच हौस असेल तर तीच करा.